‘चोरा’ म्हणाला सुतार
ताजं लाकूड रंधल्याचा वास आला, की निशी-कसाईतला तो म्हातारा जपानी सुतार आठवतो. मुलाकडे राहायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. आपण रंधा ढकलतो, तो अंगाकडे ओढायचा. जन्मभर सुतारकी केलेला मी सुनेला घेऊन रोज तिथं जायचो, टक लावून बघायचो. एकदा तो काही बोलला. सून चाचरत म्हणाली, “बाबा, ते म्हणतात, चोरा.” मी ताडकन उठलो. “सांग त्याला, मी कुणाच्या काडीलाही हात लावलेला नाही!” तिनं त्याला विचारलं आणि हसली. “अहो, इथं उस्ताद शिकवत नाही. शिष्यानं बघून बघून कसब चोरायचं, ‘नुसुमु’ म्हणतात त्याला.” या वयात मी शिष्य! पण कागदासारखं सोलपट निघताना पाहिलं आणि बसलो. आता मीही रंधा ओढतो. कुठं शिकलात विचारलं, तर ताठ मानेनं सांगतो, चोरलंय.