खुर्चीखाली बघणारा माणूस

रविवार, अकरा जानेवारी. सकाळी सव्वानऊ. स्थळ: कात्रजचा गाळा. उपस्थित: आई (दाराशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर), धाकटा भाऊ मंगेश, त्याची बायको स्वाती, माझी मुलगी रेवा आणि मी. विषय एकच: महिनाअखेर गाळा रिकामा करून मालकाला किल्ली देणे. अनुपस्थित: बाबा. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते आणि गाळ्यातलं सगळं सामान त्यांचं होतं.

मी हे वहीत लिहीत होते तेव्हा रेवा म्हणाली, "आई, आपण घरचेच पाच जण आहोत. हजेरी कशाला?"

"असू दे. नंतर कोणी म्हणायला नको की मला विचारलंच नाही."

बाबा डीजे होते. बिबवेवाडीत त्यांना सगळे डीजेकाका म्हणत. त्यांची पहिली लक्षात राहणारी गोष्ट अशी, की ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. दारात पाहुणा आला तरी नजर आधी त्याच्या पायांवर, मग गुडघ्यांवर, आणि वेळ उरलाच तर चेहऱ्यावर. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ त्यांना जिन्यात गाठून म्हणाले होते, "डीजेकाका, चपला आवडल्या असतील तर तसं सांगा, उगाच पाळत ठेवू नका." बाबा त्यांच्या चपलांकडेच बघत म्हणाले, "चपला राहू द्या. डावा पाय उचलत नाही तुम्ही. डॉक्टरांना दाखवा." गृहस्थांनी दाखवला. मणक्याचं दुखणं निघालं.

ही नजर धंद्यातून आली होती. बाबांची कामाची पद्धत ठरलेली होती. लग्न असो, बारसं असो, पहिली तीन गाणी कोणी नाचावं म्हणून लावायचीच नाहीत. ती सुरू ठेवून बाबा टेबलामागून खाली वाकत आणि खुर्च्यांच्या रांगांखाली बघत. लोकांना वाटे, वायर शोधतायत. "जे पुढे येऊन नाचतात ते कशावरही नाचतात," ते म्हणत, "त्यांना माझी गरज नाही. माझं गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं." तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या एखाद्या बाईंचा अंगठा चपलेत वरखाली होताना दिसला, की चौथं गाणं त्या बाईंचं. त्या उठल्या की त्यांच्या जावा उठत, जावांमागून मामा, आणि पाच मिनिटांत बसायला कोणी उरत नसे. बाईंना मात्र आपण आपल्या मनानेच उठलो असं वाटे. बाबांना तेच हवं असे.

त्यांना स्वतःचे पाय मात्र आवरत नसत. जेवायला बसले की उजवी टाच सुरू. आमचं टेबल हलकं होतं, आमटीला लाटा येत. आई म्हणे, "अहो, टेबल नाचतंय." बाबा टाच थांबवत, दोन घास खात, आणि पुन्हा सुरू. ऑर्डर नसलेला रविवार म्हणजे तर घराला घोर. ते गॅलरीत जात, आत येत, पंख्याचं बटण वरखाली करत, आणि शेवटी बिबवेवाडीहून चालत कात्रजला येऊन या गाळ्याचं कुलूप ओढून बघत. परत येताना दूध आणत. घरात दूध असे. आई त्याचं दही लावे. आमच्याकडे सोमवारी नेहमी कढी असायची, ती त्यामुळे.

मंगेशला बाबांचा अभिमान होता. मित्रांना तो सांगे, "माझे बाबा अख्ख्या हॉलला नाचवतात." मला लाज वाटे. माझा वाढदिवस फेब्रुवारीतला, म्हणजे ऐन लग्नसराईत. केक कापायला बाबा कधी नसत. ते दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलीसाठी गाणी लावत असत. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'इलेक्ट्रिक वस्तू' असं लिहीत असे.

मी सातवीत होते तेव्हा डीजे हा शब्द आमच्याकडे आला नव्हता, बाबा 'स्पीकरवाले' होते. आमच्या मराठीच्या बाई विसर्जनाच्या वाटेवरच पहिल्या मजल्यावर राहत. मिरवणुकीनंतर शाळा भरली, तर बाई हजेरी घेता घेता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुमचे वडील परवा संध्याकाळी आमच्याकडे आले होते. म्हणजे ते रस्त्यावरच होते, आवाज तेवढा आत येऊन बसला होता. अडीच तास बसला. चहा विचारायचा राहिला, सांगा त्यांना." सगळा वर्ग हसला.

घरी येऊन मी बूट काढले. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. "कोण काय बोललं?"

"कोणी नाही."

"अंगठे आत गेलेत तुझे."

माझी ती सवय होती, मला ठाऊक नसलेली. मनाला लागलं की माझे पायाचे अंगठे तळव्याकडे वळतात. मग मी सगळं सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, "कुठली खिडकी?"

पुढच्या वर्षी मिरवणूक त्या इमारतीशी आली आणि स्पीकरचा आवाज एकदम खाली गेला. मंडळाची पोरं ओरडली, "ओ काका, काय झालं?" बाबा म्हणाले, "मशीन तापलंय." पुढच्या चौकापर्यंत मशीन तापलेलंच राहिलं. नंतर वर्गात बाई मला म्हणाल्या, "यंदा तुमचे वडील आलेच नाहीत. बरे आहेत ना?" आणि चष्म्याआडून हसल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण लाज अशी एका गोष्टीने जात नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला डीजे कोण आणायचा ते मुलांनी ठरवलं, आणि टेम्पोतून बाबा उतरले. काळी टोपी, चकाकणारं जॅकेट. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा भारी आहेत, चल ना नाचायला." मी म्हटलं, मला दारावर थांबायचंय, पास तपासायचेत. कोणीही सांगितलं नव्हतं. मी एक वही घेतली, रकाने आखले आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहीत कार्यक्रम संपेपर्यंत दाराशी उभी राहिले. तेव्हापासून प्रत्येक समारंभात मी वही घेऊन दाराशीच असते. लोक म्हणतात, नीता किती व्यवस्थित. त्या दिवशी सामान आवरताना बाबा म्हणाले होते, "सगळ्या हॉलचे पाय कळले. तुझे काही कळत नाहीत बघ."

माझ्या लग्नाची यादी मीच केली. बेचाळीस मुद्दे. मुद्दा चौदा: डीजे नाही. फक्त सनई, आवाज कमी. यादीची एक प्रत मी बाबांना दिली, कारण प्रत सगळ्यांनाच दिली होती. ते चौदावर थांबले. टाचही थांबली. मग कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "बरोबर आहे. मुलीच्या लग्नात बापाने पंगतीकडे बघावं." जरा वेळाने म्हणाले, "एक गाणं काढून ठेवलं होतं तुझ्यासाठी. असू दे."

मी म्हटलं, "बाबा, हॉलवाल्याला फोन केलात का?"

तो मुद्दा पंधरा होता.

लग्नात ते सुरवारीच्या खिशात हात घालून, काढून, पुन्हा घालून सगळीकडे फिरत होते. दोनदा मी त्यांना सवयीने खुर्च्यांखाली वाकून बघताना पाहिलं. सनई ऐकताना कोणाचे पाय हलत नव्हते. ते सरळ होत आणि कोणाला तरी जिलबीचा आग्रह करायला जात.

सासरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मला ते वाक्य आठवलं. मी डायरीत लिहिलं: बाबांना विचारणे, कोणतं गाणं? मग वर्ष संपलं आणि मी तो मुद्दा नव्या डायरीत उतरवला. पुढच्या वर्षी पुन्हा. एकवीस डायऱ्या झाल्या. माझ्या याद्यांत इतका जुना मुद्दा दुसरा नाही. दर आठवड्याला मी बाबांना भेटत होते, त्यांच्या औषधांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं विचारत होते. पण हे विचारलं असतं तर चौदावा मुद्दा का लिहिला होता तेही सांगावं लागलं असतं.

दरम्यान त्यांचे कान जात होते. दाराची घंटा ऐकू येईना, मग फोन, मग आईचं बोलणं. आम्ही कानाचं मशीन आणलं. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. "आयुष्यभर ऐकलं. आता बघतो." शेवटची ऑर्डर येरवड्याच्या एका सोसायटीतल्या बारशाची होती. मंगेश तिथे पाहुणा म्हणून गेला होता. तो सांगतो, एक गाणं मध्येच अडकलं आणि तोच तोच शब्द वाजायला लागला. बाबांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते खुर्च्यांखाली बघत होते. तिथले पाय थांबलेले दिसताच त्यांनी क्षणात दुसरं गाणं लावलं. बाळाच्या आजीबाई म्हणाल्या, "काकांचा कान अजून तयार आहे हो." मंगेशने मान डोलावली.

ऑक्टोबरात ते अंथरुणाला खिळले. मी औषधांच्या वेळांचा तक्ता करून भिंतीला लावला आणि पलंगाशी बसून खुणा करत राहिले. पाय पांघरुणाबाहेर होते. एका दुपारी खूण करता करता माझी नजर त्यांच्याकडे गेली. उजवी टाच अगदी स्थिर होती. मी सेहेचाळीस वर्षांत ती तशी पाहिली नव्हती. तक्त्यातले पुढचे रकाने रिकामेच राहिले.

तर, अकरा जानेवारी. वायरींची भेंडोळी बांधून झाली, टेबलं भंगारात गेली. शेवटी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली. आत सीड्या होत्या, एकाही सीडीवर गाण्याचं नाव नव्हतं. बाबांच्या अक्षरात चिकटपट्ट्या होत्या आणि स्वाती त्या मोठ्याने वाचायला लागली. "पैंजण, लाजरी." "मामा, बूट घट्ट." "दोन मावश्या, कोल्हापुरी." "मोजे, पांढरे केस, डावा पाय आधी." रेवा खाली बसून हसत होती. "आजोबा अल्टिमेट होते यार." आईही हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग स्वातीने वाचलं, "अंगठे आत."

"हे कोण?" मंगेशने विचारलं.

मी वहीत काहीतरी लिहायला लागले. दारातून आई म्हणाली, "कोण म्हणजे? तीच. शाळेतून आली की तसेच असायचे तिचे पाय. बूट लवकर झिजायचे."

"मग लाव ना, आई!" रेवा म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेल्या गुरुवारच्या कामांत मुद्दा तीन होता: सर्व प्लेअर आणि स्पीकर हडपसरच्या माणसाला देणे. त्याच्यापुढे खूण होती. मी कधी नव्हे ते एक दिवस आधीच काम उरकलं होतं. आमच्यापैकी एकाच्याही घरी सीडी वाजवायचं यंत्र उरलं नव्हतं.

मंगेशने ऑफिसातल्या एकाचा जुना प्लेअर आणून दिला, त्यालाही आता सहा आठवडे झाले. तो माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. शेजारी ती सीडी. आधी पिनेला ॲडाप्टर हवा होता, तो आणला. मग मार्चअखेरची कामं होती. मग वाटलं, रेवा असताना लावावी, आणि रेवा असली की वाटतं, नसताना लावावी. ते गाणं माझं नाहीच निघालं तर? आणि माझंच निघालं, अगदी माझंच, तर मी कुठल्या दाराशी जाऊन उभी राहू?

काल आई जेवायला आली होती. ती प्लेअरकडे बघत होती. मी भात वाढला, आमटी वाढली, बसले. थोड्या वेळाने आईने आपली वाटी हाताने धरली.

"अगं," ती म्हणाली, "टेबल नाचतंय."

मी टाच थांबवली. दोन घास खाल्ले.

गाळ्याची किल्ली: दिली. विजेच्या मीटरवरचं नाव: बदललं. ट्रंक: मंगेशकडे. मुद्दा नऊ, सीडी लावणे: बाकी.