रब्बींसाठी मी लिहिलेलं पहिलं कलम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, माझ्यासोबत पायाचे तुकडे पडेस्तोवर पत्रकं वाटणाऱ्यांनाही नाही. पत्रक लिहिणं मला जमतं. दोन ओळींत समोरच्याला पिंजऱ्यात उभं करते मी. आज पिंजऱ्यात मीच आहे, तर हात का अडखळतोय?

आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. अंधेरीतला पहिल्या मजल्यावरचा एक हॉल हेच आमचं सिनेगॉग. बहुतेक ठिकाणी नुसता प्रार्थना सांगणारा हझान असतो. आमच्याकडे शिकलेले रब्बी, म्हणजे धर्मगुरू होते, डॅनियलकाका. लग्नं, भांडणं, आजारपणं, सगळं त्यांच्याकडे जायचं. आणि मी विचारायचे — एवढी गुपितं ज्याच्याकडे, त्याच्यासाठी नियम कुठे लिहिलेत? डॉक्टरला आहेत, वकिलाला आहेत, रब्बीला का नाहीत? आजही विचारते. प्रश्न बरोबरच होता.

माझी मैत्रीण रिव्का. तिला लहानपणापासून फिट येते. साखरपुडा झाल्यावर तिनं काकांना विचारलं, मुलाकडे सांगू का? ते म्हणाले, सांग, पण तुझं तूच सांग. तिनं थोडा वेळ मागितला. हे तिनं मला सांगितलं, आणि मला सांगितल्याचं काकांनाही. घराबाहेर जाणणारे दोघंच — काका आणि मी.

पंधरा दिवसांत मुलाच्या घरी कळलं. लग्न मोडलं. रिव्का रडून रडून थकली आणि म्हणाली, "काकाच बोलले असणार ना गं?"

"असणार," मी म्हटलं.

त्या एका शब्दावर मी रब्बींसाठी लेखी नियम हवेत म्हणून मोहीम उभारली. आणि खोटं कशाला बोलू, झकास दिवस होते ते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली — दारोदार फिरले, चहा प्यायले, भांडले, सह्या घेतल्या. अंगात वीज होती नुसती. पहिलं कलम मीच लिहिलं: 'रब्बीजवळ विश्वासानं बोललेलं कुठेही उघड होणार नाही, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही.' शेवटचे शब्द जोरदार वाटले म्हणून घातले. खाली लिहिलं की आपल्यातल्या एका मुलीचं लग्न तिच्या आजाराची वाच्यता झाल्यानं मोडलं. नाव घातलं नव्हतं. पण आम्ही माणसं किती? ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. पाठीमागे कुणाचं उणं बोलणं, ते खरं असलं तरी पाप — त्याला आम्ही लाशोन हारा म्हणतो. त्याविरुद्ध काढलेल्या पत्रकातच मी तो छापला.

सभेत काकांना सरळ विचारलं, बोललात की नाही? ते म्हणाले, "माझ्याकडे कोण आलं, काय बोललं, ते मी इथे सांगणार नाही."

"म्हणजे कबूलच की," मागून कुणीतरी म्हणालं. पहिली टाळी माझी होती.

नंतर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "पहिलं कलम चांगलं लिहिलंयस गं. कुणी काढा म्हणालं तर काढू देऊ नकोस." टोमणा नव्हता तो. दोघांपैकी कोण बोललं नाही हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं — मग उरलं कोण? तरी माझं नाव घेतलं नाही. त्यांचं पद गेलं. आता शनिवारी, शब्बाथला, मागच्या बाकावर बसतात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आले की दहा होतात.

मुलाच्या बहिणीला मी सांगितलं. बोरिवलीच्या मॉलमध्ये, फालुदा खाता खाता. होणाऱ्या वहिनीबद्दल ती फार माहीत असल्यासारखं बोलत होती, आणि मला दाखवायचं होतं की तिच्यापेक्षा आतलं मला ठाऊक आहे. बस. मनात वाकडं नव्हतं — असं लिहिलं होतं इथे, खोडलं.

वर्षातून एकदा किप्पूरचा उपास धरण्याआधी आमच्यात ज्याच्याशी चुकलो त्याच्यासमोर उभं राहून माफी मागतात. देवाशी चुकलेलं देव बघतो, माणसाशी चुकलेलं माणसालाच सांगावं लागतं. त्यानंतर चार किप्पूर झाले. चारही वेळा मी रिव्काचा हात धरून म्हटलं, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर. चारही वेळा तिनं, काय चुकलं ते न विचारता, हसून माफ केलं. एकदा तर म्हणाली, "तू होतीस म्हणून मी उभी राहिले गं."

ती माफी मी घेतली. चारही वेळा घेतली.