तिसरा पाइप

मी एका बाईचं घर उडवणार होतो.

मस्करीत.

आज सकाळी गोपकाका गेले, म्हणून सांगतोय. कॅम्प दोनमध्ये, सिंधी वस्तीत, त्यांचं शेगडी रिपेअरिंगचं दुकान. मी त्यांच्याकडे फिटिंगला.

दुकानात कायदा एकच. गॅसचा जुना पाइप काढला की लगेच कापायचा. दोन तुकडे. चुकून परत कोणाला लागायला नको.

एकदा सकाळी मी कापला नाही. तेल चोळून चकाचक केला आणि हसत हसत नव्या पाइपांत टांगला. बघू, काकांना ओळखू येतो का!

मग कामं आली, विसरलो.

चार वाजता बघतो तर खिळा रिकामा. तीन पाइप, तीन घरं. तिन्हीकडे मीच लावलेले.

काकांना सांगितलं. ओरडले नाहीत. सरळ फोन उचलला. "रेग्युलेटर बंद करा, पाइपवर छापलेलं साल वाचा."

दोन नवे निघाले.

तिसरा फोन स्विच ऑफ. चिखलोली, चौथा माळा.

स्कूटीवर काका मागे, माझा शर्ट घट्ट धरून. मी म्हटलं, "काका, चेकिंगला आलो बोलू. गुपचूप बदलून टाकू."

"अडे, मग उद्या वास आला तर ती बाई घाबरेल कशी? सांगितलं तरच घाबरेल ना!"

लिफ्ट बंद. काकांचे गुडघे गेलेले, तरी माझ्या पुढे.

मी बेल दाबणार, तर हात धरला. "बेल नको! ठिणगी!"

दार ठोकलं. एकदा. दोनदा.

दार उघडलं. वहिनींच्या हातात लायटर.

"काय हो काका? चहाच ठेवत होते. दुपारपासून कसला वास येतोय बघा, गटाराचा असेल."

काकांनी लायटर काढून घेतला. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. पाइप वाकवला. चीर एवढी की नख जाईल.

"वहिनी, जुना पाइप लागला. चूक माझ्या दुकानाची."

माझं नाव नाही घेतलं.

वहिनी खूप बोलल्या. काका मान खाली घालून ऐकत होते. नवा पाइप त्यांनी स्वतः लावला, साबणाचं पाणी लावून चेक केला.

खाली जिन्यात बसले. मला वाटलं, आता कानाखाली पडणार.

"सकाळी लई हसत होतास. आता हस ना."

अजून कुठे गॅसचा वास आला की मला तो जिना आठवतो. बेल तर मी आजही दाबत नाही.

आज स्मशानातून थेट दुकानात आलो. कालच्या धावपळीत एक जुना पाइप कापायचा राहिला होता. शटर अर्धं वर केलं आणि कापला.

काका, दोन तुकडे केलेत. बिनघोर जा.