आवडत्या कपड्यांचा तास

विलास सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला हायवे ओलांडायला उभी होते. हातात भाजीची पिशवी, समोरून कांद्याच्या गाड्या एकामागून एक... फोनवर आमच्या शाळेतले जुने शिपाईमामा होते. "बाई, इंग्लिशचं सर गेलं. सकाळी. येडगावला, घरीच." मी "बरं" म्हटलं. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला या वयातही कळलेलं नाही. रस्ता मोकळा झाला तरी तशीच उभी राहिले. मग घरी आले, भाजी निवडली, कुकर लावला. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, आणि दीड महिना झाला तरी तो अंगातून गेलेला नाही. लेक म्हणते, आई, रक्त तपासून घे. रक्तात काही नाही. सरांना एक गोष्ट सांगायची होती, ती पंधरा वर्षं सांगितली नाही, आणि आता सांगायला सर नाहीत. एवढंच झालं आहे.

आमची शाळा घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. सर इंग्रजी शिकवायचे, मी मराठी, आणि शाळेची शिस्तही माझ्याकडे. सकाळी गेटवर उभं राहायचं, नखं, केस, गणवेश बघायचा. माझी जीभ तिखट, हे मला कुणी सांगायला नको. सर माझ्या अगदी उलट. सावकाश बोलणार, सावकाश चालणार. त्यांच्याकडे शाळेचे म्हणून दोनच शर्ट, दोन्ही पांढरे. "सर, आठवीला कपड्यांचा धडा शिकवता, आणि स्वतःच्या अंगावर बघा काय आहे," असं मी चिडवायची. ते म्हणायचे, "बाई, उदाहरण नको का कुणीतरी? कपडे नसले तर काय होतं त्याचं." शिक्षकखोलीत आमची टेबलं समोरासमोर होती. अठरा वर्षं.

त्यांच्या तासाला मात्र वर्ग ओळखू यायचा नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची, तिच्यावर घरून आणलेले कपडे चिमटे लावून टांगायचे. स्वेटर, परकर, बंडी, टोपडं, धोतरसुद्धा. अर्धी मुलं दुकानदार, अर्धी गिऱ्हाईक, आणि सगळा व्यवहार इंग्रजीत. डोंगरातली मुलं, घरी इंग्रजीचा एक शब्द नाही, पण भाव करताना त्यांची भीड अशी चेपायची की बघत राहावं. मग जाहिराती. वर्तमानपत्रातली चकचकीत कात्रणं ते फळ्याला चिकटवायचे आणि विचारायचे, "हे नसलं तर तुझं काय अडतं? खरं सांग." शेवटी मुलांनी स्वतः जाहिरात करायची, तीही कुणी फुकट घेणार नाही अशा वस्तूची. एकानं फाटक्या छत्रीची केली होती. "व्हेरी गुड छत्री. यू कॅन सी द स्काय." मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत होते. इतका हशा आला की मीही खडू ठेवून ऐकत बसले.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला इथं यमुना म्हणते, खरं नाव लिहायचा हक्क मला नाही. अगदी वरच्या गावातून पहिल्या एसटीनं यायची. सावळी, बारीक, बोलायला भित्री, पण इंग्रजीच्या तासाला हात वर. पावसाळ्यात एके दिवशी सरांनी गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात आणली. खोटं कसं विकतात ते दाखवायला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "यमुनीला द्या सर ती डबी," आणि वर्ग हसला. सरांनी त्याला उभं करून चांगलं झापलं. विषय तिथं संपला. दुसऱ्या दिवशी यमुना शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि मग कधीच नाही. सगळ्यांनी आपापलं गणित मांडलं. मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत सर्वांसमोर सरांना सुनावलं, "तुमच्या त्या जाहिरातींपायी हुशार पोर गेली." सर उभे होते. "होय, चूक माझी आहे," म्हणाले आणि खाली बसले.

मी समोरच्या टेबलावर वह्या तपासत होते. मान वर केली नाही. कारण दुसऱ्या दिवशी यमुना आली होती.

आली होती, आणि गेटवरून परत गेली होती. सरांनी वर्गाला सांगितलं होतं की उद्या ज्यानं त्यानं आपला आवडता कपडा घालून यायचं आणि त्याच्याबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची. मला याची खबर नव्हती. मला घाबरून बाकीच्या मुलांनी कपडे दप्तरातून आणले, अंगावर गणवेशच. सरांच्या शब्दावर विश्वास ठेवून अंगावर घालून आली ती एकटी यमुना. धो धो पाऊस होता. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेऊन ती गेटशी आली, खोळ काढली, आणि आत पिवळा झालरींचा फ्रॉक, कोरडा ठणठणीत. सगळी वाट तिनं तो तसा जपत आणला होता. मी म्हणाले, "काय गं, वरातीतनं थेट शाळेत आलीस का?" रांगेतली पाचवीची पोरं फिदीफिदी हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्या बोलण्याला हशा मिळाला की मास्तरांना बरं वाटतं. "गणवेश घालून ये, मग बस वर्गात." ती एक शब्द बोलली नाही. सरांनी सांगितलंय, एवढं म्हणाली असती तरी मी आत घेतलं असतं. खोळ पुन्हा डोक्यावर घेतली आणि वळली. वर जाणारी एसटी दुपारशिवाय नव्हती. म्हणजे ती चालत गेली असणार.

सरांच्या तासाबद्दल मला त्याच दिवशी दुपारी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग सोमवारी सांगू म्हटलं, आणि मुख्याध्यापक बोलले त्या दिवशी तर तोंडाला कुलूपच बसलं. सरांनी जाहिरातींची कात्रणं आणणं बंद केलं. कपड्यांची दोरी कधी कुणी पुन्हा बांधलेली पाहिली नाही. पुस्तकातलं वाचायचे, अर्थ सांगायचे, प्रश्न लिहून द्यायचे, आम्ही सगळे शिकवतो तसं. आणि दर रविवारी वरच्या गावाला जायचे. सगळे म्हणायचे, पोरीला परत आणायला जातात, वेडे आहेत. त्यांच्या पत्नी, शकुंतलावहिनी, मला एकदा तक्रारीनं म्हणाल्या होत्या, "घोडेगावात खोली केली ती केली, आता सुट्टीचंबी घरी येनं नाय." मी म्हटलं, "सांगते त्यांना." तेही सांगितलं नाही.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. येडगावला त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावर बसलो, समोर धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं. सर फार वाळले होते. पोहे झाले, गुडघ्यांची विचारपूस झाली. मग ते म्हणाले, "बाई, यमुनेची आठवण येती का कधी?" म्हटलं, "येते की." ते माझ्याकडे बघत राहिले. घाई अशी त्यांना कधीच नव्हती. मी कप खाली ठेवला... आणि विचारलं, "सर, गोळ्या वेळेवर घेता ना?" माझा कप उचलून आत नेता नेता ते म्हणाले, "घेतो, घेतो."

दहाव्याला नदीवर गर्दी होती. जुने विद्यार्थी खूप आले होते. भाषणात कुणीतरी म्हणालं, सरांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही, एक पोर काय ती त्यांच्यामुळं गेली, तेवढंच त्यांना शेवटपर्यंत लागलं. मला तिथं उभं राहवेना. पुढच्या रविवारी घोडेगावच्या स्टँडवरून वरच्या गावाची एसटी पकडली. इतकी वर्षं त्या मुलांना शिकवलं, पण त्यांच्या गावाला मी पहिल्यांदाच चालले होते. यमुनेची आई अंगणात नाचणी पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, घोंगडी टाकली, पाणी आणलं. मी पाण्याला हात लावायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. गेट, फ्रॉक, वरात, सगळं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आवं बाई, आमाला ठावं हाय की. पोरगीनं त्याच दिशी सांगितलं."

"आणि सरांना?"

"त्यांनाबी. पयल्याच रविवारी आले, तवाच सांगितलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक होतेय. "मग ते काय म्हणाले?"

"म्हनले, पोरांना घरची कापडं घालून या असं मी सांगितलं, अन् बाईंना सांगायचं राहून गेलं. चूक माझी हाय. बाईंना कुनी काय बोलायचं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरगी काय साळंला यायला तयार न्हाई झाली. लई समजावलं त्यांनी. मग हितंच शिकवायचे, ह्याच ओट्याव. बाहेरून दहावी काढली तिनं. दोन लेकरं हायेत आता, जुन्नरला दिलीय."

म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसून त्यांनी माझा डाग स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि मी रोज त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खात होते. एकदाही त्यांनी जाणवू दिलं नाही. उन्हाळ्यात येडगावच्या ओट्यावर विचारलं ते मला एक संधी म्हणून, आणि मी त्यांना गोळ्यांबद्दल विचारलं. राग आला मला, त्यांचाही आला. इतकं चांगलं असू नये माणसानं. एकदा भांडले असते, तर मी मोकळी झाले असते.

"सर म्हनायचे, बाई येतील," यमुनेची आई म्हणाली. "आमी म्हनायचो, न्हाई यायच्या त्या." मग कमरेचा मोबाईल काढून तिनं लेकीचा नंबर लावला, "घे, बाई आल्यात, बोल," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मी माझं नाव सांगितलं. फ्रॉकचं सांगितलं. चुकले मी, म्हटलं. लेकरांचा कालवा ऐकू येत होता. मग पलीकडून दार लावल्याचा आवाज आला, कालवा थांबला.  तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.