जानूकाकांचे कान

शहापूरच्या जानूकाकांना हाक मारली की ते आधी "आँ?" करत, मग कानामागे हात धरत आणि समोरच्याचा चेहरा बघून ऐकायचं की नाही ते ठरवत. जन्मभर भाताची गिरणी चालवलेली. "गिरनीनं कान खाल्लं रे माजं," असं ते सांगत. आम्ही शेजारी त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो.

हिराकाकींचं माहेर मुरबाडचं. एका लग्नात मानपानावरून काकांचं मेव्हण्याशी बिनसलं, तेव्हापासून काकींचं माहेर तुटलं. "अवो, एकदा मुरबाडला जाऊन येऊ," असं त्या म्हणाल्या की काका म्हणत, "मुरमुरे? आनतो की." आणि खरंच आणत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काकांची बायपास ठरली. मी मुंबईत नोकरीला, म्हणून सोबत गेलो. तिथल्या रुग्णालयातले भूल देणारे डॉक्टर एक अभ्यास करत होते. अफूच्या जातीचं वेदनाशामक भरपूर देऊन भूल दिली, तर आवाजाने मेंदूत उठणारी विजेची लहर टिकते की विझते? डोक्याला तारा लावायच्या, कानात टिकटिक वाजवायची. यंत्रांचा नाद असलेले काका खुशीत तयार झाले. डॉक्टरांची अट एकच, कान चांगले हवेत.

"मग जमायचं नाय," काकी म्हणाल्या. "ठार बहिरं हायेत."

तरी डॉक्टरांनी काकांना तपासणीच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. यंत्र दिसल्यावर काकांना भान कुठलं! बारीकातल्या बारीक आवाजालाही त्यांनी बटण दाबलं.

"या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात," डॉक्टर म्हणाले.

काकी बाकावर बसून नवऱ्याकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, "आँ?" 

ऑपरेशन झालं, पण हृदय अजून नीट साथ देत नव्हतं. काकांना गुंगीतच ठेवलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला आलेखाचा कागद दाखवला. "भुलीतही प्रत्येक टिकटिकीला मेंदूने उत्तर दिलंय. लहर जरा मंदावली, विझली नाही."

"म्हणजे त्यांना ऐकू येतं?" मी विचारलं.

"आवाज मेंदूपर्यंत पोचतो. पण कळतं का, आठवेल का, ते सांगता येत नाही."

काकींनी पहिलं वाक्य तेवढं घेतलं. तोंडात नळी असलेल्या काकांच्या उशाशी त्या बसल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता पळता यायचं नाय तुमाला. ऐका." मग भाऊ, माहेरचा गणपती, न बघता आलेली आईची शेवटची वेळ, सगळं एकेक करून निघालं. शेवटी त्या म्हणाल्या, "मुरबाड ऱ्हाऊ द्या. तुमी उठा फकस्त."

काका उठले. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात काकींना म्हणाले, "समदं ऐकलं मी." काकींनी पदर तोंडाला लावला. जखम भरल्यावर काका स्वतः त्यांना एसटीने मुरबाडला घेऊन गेले आणि मेव्हण्याकडे चार दिवस राहून आले.

काका वारले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं, "त्या गुंगीत खरंच ऐकू आलं होतं?"

काकांनी काकी आत असल्याची खात्री केली. "छ्या. टिकटिकसुदा आठवत नाय."

"मग मुरबाडचं कसं कळलं?"

"ते काय, जागेपनी इतकी वर्सं ऐकतच व्हतो ना."