स्टेकवर कांदा घालायचा की नाही

गेल्या शनिवारी सकाळी मी इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या एका बुचरच्या दुकानात बराच वेळ नुसताच उभा होतो… आयुष्यात पहिल्यांदा मांस विकत घ्यायला.

मी इथे फारसं काही लिहीत नाही. पण हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, मागच्या वर्षी अचानक गेला. आम्ही दोघे इथे चार वर्षं एकाच घरात राहिलो. शनिवारी त्याचं वर्षश्राद्ध होतं. विधी नाशिकला बाबांनी केले, मला जाता आलं नाही. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं की तिकडेही दुपारी एक पान वाढ, त्याच्या आवडीचं काहीतरी कर.

वरण, भात, बटाट्याची भाजी, खीर… एवढं मी सकाळीच करून ठेवलं. आईच्या मनात तेच असणार असं वाटलं.

पण दादाच्या आवडीचं काय ते मला माहीत होतं. दर शनिवारी दुपारी तो त्याचा जड बिडाचा पॅन काढायचा आणि गरम स्टेक-चीज सँडविच करायचा. आमच्या घरात कोणी अंडंही खात नाही. स्टेक म्हणजे बीफ… हे लिहितानाही हात अडखळतो. मी समोर बसून पोहे खायचो आणि तो म्हणायचा, "भटजी, नाक दाबा." एकच गोष्ट त्याने माझ्याकडून कबूल करून घेतली होती, आईला कधी कळता कामा नये.

मग पानात काय वाढायचं? आईला वाटतं ते, की त्याला खरंच आवडायचं ते? आठवडाभर मला काही ठरवता आलं नाही. शनिवारी पाय बुचरकडे वळले, एवढंच.

काचेमागे सात-आठ प्रकार होते, मला सगळे सारखेच दिसत होते. शेवटी दुकानदाराने किती जणांसाठी हवंय ते विचारलं. एकासाठी, म्हटलं. तुझ्यासाठीच का, म्हणाला. मी म्हटलं, भावासाठी. "नशीबवान आहे तुझा भाऊ," असं म्हणत त्याने पातळ काप कागदात गुंडाळून दिले. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो.

घरी येऊन मी ते काप नळाखाली स्वच्छ धुतले, भाजी धुतात तसे. मग हळद आणि मीठ लावलं, कारण पुण्यात असताना माझा रूममेट चिकनला लावायचा ते आठवत होतं. ओलं मांस पॅनमध्ये टाकल्यावर ते भाजलंच जाईना, पाणी सुटून नुसतं उकळायला लागलं. दादाच्या वेळी कसा चर्र आवाज यायचा… इथे डाळ शिजल्यासारखा येत होता.

श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. त्या दिवशी एवढा एकच नियम मला अगदी सहज पाळता आला.

पाव भाजला, त्यावर चेडर चीज ठेवलं. दादा वर परतलेला कांदा घालायचा, भरपूर. कांदा चिरायला घेतला आणि सुरी हातातच राहिली. श्राद्धाच्या पानात कांदा चालत नाही… पॅनमध्ये बीफ, आणि मी कांदा चालतो की नाही या विचारात उभा. हसावं की रडावं कळेना. शेवटी कांदा नाहीच घातला.

खिडकीपाशी केळीच्या पानाच्या आकाराची कागदी प्लेट मांडली. सगळं वाढलं. सँडविच बाजूला ताटलीत ठेवून वर झाकण ठेवलं. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, पान बघायचं होतं तिला.

तिने वरण-भात पाहिला, खीर पाहिली. मग म्हणाली, "त्या झाकणाखाली काय आहे?"

"सँडविच," मी म्हटलं. कसलं, ते सांगितलं नाही.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "कांदा परतून घातलास ना रे? कांद्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरायचं नाही ते."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

पहिल्याच वर्षी त्याने तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. ती दोन दिवस बोलली नव्हती त्याच्याशी, मग सोडून दिलं. आणि त्याने तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती… तिला हे माहीत आहे, ते धाकट्याला कळू द्यायचं नाही.

"पण आई, आज कांदा चालतो का?" मी विचारलं.

"आज पान कोणाचंय?" ती म्हणाली. "घाल. आणि फोन तिथेच ठेव, मला आवाज ऐकू दे."

मी फोन गॅसजवळ उभा केला, पॅन कोरडा करून तापवला आणि कांदा चिरून टाकला. या वेळी चर्र आवाज आला. कांदा लाल होईपर्यंत ती तशीच फोनवर होती.

नंतर ते सँडविच मी शेजारच्या म्हाताऱ्या पॅडीला नेऊन दिलं, दादा त्याला दर शनिवारी अर्धं द्यायचा. चव ग्रँड आहे, पण हे पिवळं काय, असं त्याने विचारलं. खाल्लं मात्र सगळं.

दादाने आम्हा दोघांना एकमेकांपासून असं लपवायला का लावलं, ते मला अजूनही कळलेलं नाही. विचारायला तो नाही… पण आता निदान आईशी त्याच्याबद्दल बोलताना मला काही गाळावं लागत नाही.