चिंगी आता टेबलावर चढत नाही

मंडळी, गेल्या आठवड्यात इथेच रडले होते ना, की आमची आठ महिन्यांची आगाऊ मांजर चिंगी जेवणाच्या टेबलावर उडी मारते? तुम्ही सांगितलंत तशी कडेला संत्र्याची सालं ठेवली. चढली की न ओरडता उतरवलं, खाली बसली की खाऊ दिला. आज दुपारी आमची जेवणं होईपर्यंत ती चढलीच नाही. मी जाम खूश!

मग टेबल पुसायला घेतलं. पोळ्यांच्या डब्यामागे, बाबा इथे आले की बसायचे त्या खुर्चीसमोर, भाताची पाच शितं ओळीने ठेवलेली.

बाबा रोज जेवणाआधी ताटाशेजारी अशीच चित्राहुती घालायचे. ते गेले आणि आई नागपूरहून माझ्याकडे इंदिरानगरला आली, त्याला सात महिने झाले. त्यांच्या जागी ती शितं ठेवते, हे मला माहीतच नव्हतं. मी हात धुऊन येईपर्यंत चिंगी ती फस्त करत असणार. उडी नेमकी त्याच कोपऱ्यात का, ते आत्ता कळलं.

आई शितांकडे बघत राहिली. "आज हे जेवले नाहीत गं. रोज जेवायचे."

चिंगीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

सालं फेकून दिली. चिंगीला उचलून टेबलावर ठेवलं, तर ती लगेच उतरली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

संध्याकाळी आई परत पानं घेईल. शिकवलेलं विसरायला कसं लावायचं, सांगाल कुणी?